सर्जरीची जागा मागणाऱ्या बाईंना काय विचारलं

"आधी काम दाखव, मग मार्क दाखव."

असं सगळ्यांना सांगणाऱ्या बाईंवर अन्याय झाला. कधी? गेल्या वर्षी, १९७३च्या जूनमध्ये, एम.एस.च्या जागांसाठीच्या मुलाखतींच्या पहिल्याच सोमवारी. भर सकाळी, पंख्याखाली बसून केला. बाईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच मला तसं बजावलंय.

अंधेरीकडच्या आमच्या हॉस्पिटलात त्या सर्जरीच्या हाउसमन, म्हणजे निवासी डॉक्टर होत्या. बाई असल्या तरी हुद्दा हाउसमनच. मरोळच्या गावठाणातलं ख्रिस्ती घर. तुम्ही आमच्या कॅन्टीनमध्ये कधी चहा प्यायला असाल तर त्यांना पाहिलंच असेल. बोलता बोलता त्या समोरच्या खुर्चीला एका हाताने टाक्यांच्या दोऱ्याच्या गाठी मारत बसायच्या. कॅन्टीनवाला ओरडायचा, "डॉक्टरबाई, खुर्चीचे टाके कधी काढणार?"

एम.एस.ला अर्ज करणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोर येऊन बसायचा. कुणी मोठ्या माणसाची शिफारस आणली की त्या विचारायच्या, "यांनी तुला काम करताना पाहिलंय, की तुझ्या बाबांना क्लबात पाहिलंय?"

"बाबांना."

"मग ठेव खिशात. एक पेशंट धर. भरती झाल्यापासून टाके निघेपर्यंत त्याला सोडू नकोस. मग डॉक्टरांच्या शनिवारच्या सभेत ती केस मांड. आणि ज्यानं हे सगळं पाहिलं, त्याच्याकडे शिफारस माग."

मुलाखतीची तालीम त्या वॉर्डात घ्यायच्या, पेशंटांसमोर. का, तर खाटेवरच्या माणसाला कळेल असं बोलता आलं नाही, तर पाठ केलेलं आहे हे मुलाखत घेणारे साहेब लगेच ओळखतील. घाटकोपरचा एक मुलगा असाच घामाघूम होऊन हर्नियावर बोलत होता. खाटेवरचे आजोबा उठून बसले.

"ओ डाक्टर, माझं डावीकडं हाय. तुमी उजवीकडचं सांगताय."

सगळा वॉर्ड हसला. बाई म्हणाल्या, "हसू दे रे. तिकडे हसले तर तुझी वाट लागेल. पुन्हा सांग."

तो पुन्हा बोलला. रोज बोलला. शेवटी आजोबांनीच त्याला पास केलं.

आता बाईंचं स्वतःचं. आमच्याकडे रिवाज असा की सर्जरी हवी असेल त्यानं मुलाखत घेणाऱ्या मानद सर्जनसाहेबांच्याच खासगी नर्सिंग होममध्ये रविवारी फुकट राबायचं. बाई राबल्या. साहेबांना उशीर झाला की पेशंटचं पोट उघडून तयार ठेवणाऱ्या याच. म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाची शिफारस घेतलीच नाही. "साहेबांनी मला काम करताना पाहिलंय ना गं, बास," म्हणाल्या. आपलाच नियम त्यांनी शब्दशः पाळला.

त्या सोमवारी मी, त्यांची ज्युनिअर, मुलाखतीच्या दाराबाहेर उभी होते. त्या लवकर बाहेर आल्या.

"काय विचारलं, मॅडम?"

"लग्न कधी करणार."

"आणि सर्जरीचं?"

"काही नाही. म्हणाले, तुझ्यावर जागा वाया जाईल. गायनॅक घे."

"कोण म्हणालं?"

"साहेबच."

जागा घाटकोपरच्या मुलाला मिळाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा त्याला मान वर करवेना. बाईंनी हात पुढे केला, "दोन दे रे. तालीम मी घेतलीय."

मी या अन्यायावर पत्रक काढायला निघाले होते. त्यांनी अडवलं.

"माझं नाव टाकू नकोस. पुढच्या वर्षी तुझी मुलाखत आहे. जागा घे, मग हवं तेवढं ओरड."

"आणि तुम्ही?"

"मी थकले गं."

त्यानंतर काही महिन्यांनी त्या विलायतेला गेल्या. तिथे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करतात असं ऐकते. त्या हातांना तिथे काय काम असेल? इथे आता वॉर्डात तालीम होत नाही. जुने पेशंट तपासायला येतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "त्या उंच बाई दिसत नाहीत?" मी ड्रेसिंग करत राहते. त्यांचं "पुन्हा सांग" ऐकायला कान अजून तयार असतात.

जागा मिळेपर्यंत थांब, असं त्या म्हणाल्या होत्या. मी थांबणार नाही. या जूनमध्ये मी आत जाणार आहे. माझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या मुलांनो, तुम्हीही जाणार आहात. खुर्चीवर बसायच्या आधी साहेबांना विचारा: "बाईंना लग्नाचं विचारलंत, मग मला का नाही?" उत्तर मिळेपर्यंत बसू नका.