सही न करणारी मावशी

आमच्या जर्सी सिटीतल्या इंडियन दुकानात माल लावणारी मावशी कुठलंही पाकीट हातात आलं की आधी उलटं करायची. बिस्किटं असू दे, फरसाण असू दे, नूडल्स असू दे. मागचं बारीक छापलेलं वाचायची, पाम ऑइल लिहिलेलं दिसलं की त्यावर बोट ठेवून मला म्हणायची, “हे बघ, माझं शेत.” आणि पाकीट सरळ करून रॅकवर लावून टाकायची. राग नाही की काही नाही. दिवसभर तेच काम.

ती होंडुरास देशातली. इंग्लिश तिचं माझ्यासारखंच मोडकं. मी नववीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन इकडे आले, नवरा रेस्टॉरंटमध्ये कुक, तो गेला की मी आणि बाळ आणि चार भिंती. मला सगळ्याचीच भीती वाटायची, लिफ्टची, फायर अलार्मची, फोनवर कोणी भराभर इंग्लिश बोललं की त्याची. मग मी स्ट्रोलर ढकलत दुकानात जायची, उगाच कोथिंबिरीची एक जुडी आणायला. ती माझ्या आईच्या वयाची, म्हणून मी मावशी म्हणायला लागले, तर दुकानातले सगळेच म्हणायला लागले. ती मला मीहा म्हणायची. तिकडे पोरीला तसं म्हणतात.

बाळाची नाळ सुकून पडली ती मी काडेपेटीत ठेवलेली. आमच्याकडे पुरतात, पण इथे कुठे पुरणार, खाली सगळं सिमेंट. हे मी तिला हातवारे करून सांगितलं, तर ती हातातला खोका ठेवून खालीच बसली. म्हणाली, “आमच्यात पण पुरतात. माझ्या तीन पोरांच्या नाळा त्याच शेतात आहेत. पाम तेलाच्या कंपनीला ते शेत हवं होतं. त्यांचा माणूस म्हणाला, जमीन तुझी कशावरून? मी म्हटलं, खणून बघ.” मला हसू आलं, ती पण हसली.

“मग खणलं का?”

“खणलं ना. मशिनने.”

आणि मावशी सही म्हणून कुठे करायची नाही. कुरियरवाल्याच्या फोनवर नुसतं बोट फिरवायचं असलं तरी मालकांना हाक मारायची. मालक म्हणजे गुजराती काका, ते वैतागायचे, “अरे मावशी, बटाटे आलेत, तुझी जमीन नाही लिहून घेत कोणी!” पण तिचं तसंच झालेलं. कंपनीने अख्ख्या गावाला जेवण दिलं, कोंबडी आणि भात, आणि दारात एक माणूस वही घेऊन बसलेला. जेवायला कोण कोण आलं त्यांची नावं, सह्या, नाही येत त्यांचे अंगठे. तीच पानं मग करारनाम्याला जोडली, गावाने राजीखुशीने जमीन दिली म्हणून. “मी तर दोनदा भात घेतला,” मावशी म्हणायची.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला घरी बोलावलं. खाली लॉबीत गार्डने रजिस्टर पुढे केलं, तर ती तशीच बाहेर गेली आणि फुटपाथवर उभी राहिली. मी ताट घेऊन खाली गेले. पुरीला हात लावायच्या आधी मला विचारते, “नाव नाही ना लिहायचं?”

जमीन गेल्यावर तिने आणि गावातल्या बायकांनी कंपनीचे ट्रक अडवले होते. मग घरी माणसं यायला लागली, तिचं नाव विचारत. म्हणून ती पळून इकडे आली. इथे राहू द्या म्हणून तिची केस चालू होती, इमिग्रेशनच्या ऑफिसात तारखेला जावं लागायचं. वकीलबाईंनी सांगितलं, ओळखीच्या माणसांची पत्रं आणा, की ही बाई चांगली आहे. टाईप केलेला कागद तिने माझ्यापुढे धरला. “मीहा, इथे तू सही कर.” तिला हे मागणं किती जड जात होतं ते मला कळत होतं. मी म्हटलं, यांना विचारून करते.

नवरा म्हणाला, “वेडी आहेस का? तुझं नाव, आपला पत्ता, सगळं जाणार त्यात. आपली पण ग्रीन कार्डची फाईल चालू आहे. उद्या कोणी दारात आलं तर?” मी कागद डायपरच्या बॅगेत ठेवला. आठवडाभर त्या दुकानात गेलेच नाही, कोथिंबीर लांबून आणली. एकदा रस्त्याच्या पलीकडून तिने हात केला, तर मी वाकून बाळाची टोपी नीट करत बसले, सिग्नल बदलेपर्यंत.

तारखेला ती गेली आणि परत आली नाही. तिकडूनच धरून नेलं, तिच्या देशात परत पाठवायला, काका म्हणाले. मी विचारलं, पत्रं कमी पडली का? तर म्हणाले, “मी दिलं होतं. एवढं एकच होतं.” मला रडू नाही आलं. मी घरी आले, बाळाला भरवलं, भांडी घासली.

चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोन आला. बाळाला दात किती आले, हेच तिने आधी विचारलं. सहा, मी म्हटलं. पत्राचा एक शब्द काढला नाही. मीच विचारलं, मावशी, तिकडे काय करतेस? तर म्हणाली, कंपनीतच लागले, दुसरं कामच नाही. पामच्या झाडावरून घड पाडतात तेव्हा सुटी फळं मातीत पडतात, ती बायका गोणीत वेचतात.

“भीती नाही वाटत?” मी म्हटलं.

“आता कशाची? आता मला शोधत कोणी येत नाही, मी रोज त्यांच्यासमोरच असते.” मग म्हणाली, “मला झाडांची चौदावी रांग दिलीय. तिथे माझी चूल होती, मीहा. फळं चांगली पडतात तिथे.”

मागून मुकादमाने हाक मारली. ठेवते म्हणाली. मी बरं म्हटलं. तेवढंच म्हटलं.