निरंक

बाईंच्या आत्याच्या मते बाईंनी डॉक्टरेट मिळवून घराण्याचं नाक कापलं. "एवढं शिकून शेवटी गुरंच राखायची होती, तर त्यासाठी समुद्रात कशाला जायला हवं?" आत्याचं अगदीच चुकत नव्हतं. बाई समुद्रगायींचा अभ्यास करत. तीस वर्षं होडीच्या कडेवर कोपरं टेकून त्या पाण्याकडे बघत बसल्या. एखादं नाक श्वासासाठी वर आलं की वहीत नोंद. कार्यालयात त्यांना 'गुराखीणबाई' म्हणत. अर्थात प्रेमाने, आणि पाठीमागे.

बारा वर्षांपूर्वी एका खाडीत त्यांना एकोणीस समुद्रगायी सापडल्या. हुरळून जाऊन बाईंनी नकाशासकट निबंध छापला. मग काय, संवर्धनाला ऊत आला. खात्याने धक्का बांधला, तिकीटखिडकी उघडली, जनावर जवळून दिसावं म्हणून बावीस मोटारबोटी सोडल्या. चार वर्षांत तिथे एकच समुद्रगाय उरली. ती सिमेंटची होती, आणि तिची निगा उत्तम राखली जाते. त्या नकाशाबद्दल बाईंनी स्वतःला कधीच माफ केलं नाही.

यंदा साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "एक तरी दाखवा, बाई. दाखवलीत तर संचालकपद तुमचंच. नाहीतर हा समुद्रगायींचा प्रकल्प गुंडाळतो."

मोहिमेच्या शेवटच्या सकाळी एका उथळ, आडबाजूच्या वळणात होडीपासून दहा हातांवर नाक वर आलं. मागोमाग आणखी एक, एवढंसं. पिल्लू आईच्या पाठीवर बसलं होतं. बाईंचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांना रडू आलं.

"काका, काही दिसलं का तुम्हाला?" त्यांनी नावाड्याला विचारलं.

"मला मोतीबिंदू आहे, बाई," नावाडी म्हणाला. कालच या माणसाने मैलभरावरून साहेबांची बोट ओळखून विडी विझवली होती.

तीस वर्षांत बाईंनी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता, त्यामुळे त्यांच्या अहवालावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. साहेबांनी थेट शेवटचं पान काढलं. समुद्रगायी: निरंक. प्रकल्प बंद करायच्या कागदावर सही करताना त्यांना खरोखर वाईट वाटलं.

"एवढी वर्षं घालवलीत," ते म्हणाले, "शेवटी हाती काय लागलं?"

"काहीच नाही, साहेब," बाई म्हणाल्या. एवढ्या सुखाने त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.