लहानूदादांची मूठ

मी साच्यांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आतली कुजबुज थांबली. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. पुढची माझी फजिती ऐकून तुम्ही हसणार, हसा, पण मी तेव्हा खरंच घाबरले होते.

तलासरीजवळ आमचा रबरी हातमोज्यांचा कारखाना. जखमी कामगारांना बरं करून परत कामावर आणायचं, हे माझं काम. लहानूदादांचा उजवा हात यंत्रात सापडला होता. त्या दिवशी जेवणानंतर साहेब त्यांची चाचणी घेणार होते. साच्यावरून मोजे ओढून काढता आले तर कामावर, नाहीतर कायमचे घरी. मी त्यांना बोलवायला गेले होते.

नेमकी वीज गेलेली. मांडण्यांवर मोज्यांचे साचे, म्हणजे चिनी मातीचे पांढरे हात, नुसते मनगटापासून वर. सगळ्यांची बोटं छताकडे. मी श्वास सोडला तरी त्यातलं एखादं बोट वाकेल असं वाटत होतं.

मांडणीमागून लहानूदादांचा दबका आवाज आला, "मॅडमना आधी काय बोलू नको. समोर आल्या की मूठ सोडतो."

मूठ? माझ्यावर? आता तुम्हीच सांगा, बी.कॉम. झालेल्या मुलीने मूठ मारण्यासारख्या करणीवर विश्वास ठेवावा का? अजिबात नाही. मग मी मनातल्या मनात रामरक्षा का म्हणत होते?

"परवा अर्ध्यात अडकलेली," हा किसन, त्यांचा जोडीदार.

"आज नाय अडकायची. ताईने शिकवलंय तसं रोज करतो. दिवस उगवताना नि मावळताना."

"ती डहाणूवाली?"

"तीच. कडक बाई."

"मॅडम जागेवरच बसतील रे."

"बसू दे. त्यांच्यासाठीच केलंय सगळं."

मी मागे सरकले. कोपर लागून एक पांढरा हात खाली पडला, फुटला.

"कोण आहे?"

मी शेजारच्या कोठीत शिरले आणि आतून कडी लावली. दारावर थाप पडली. आधी हलकी, मग जोरात.

"मॅडम, बाहेर या ना. एकदा बघून तर घ्या."

दाराच्या फटीतून व्रणाचा हात दिसला. बोटं मिटली. मग एकेक करून, सावकाश, उघडली.

मी साहेबांना फोन लावला. उचलेनात. गेटवरचा नुसता वाजत राहिला. शेवटी चाचणीसाठी डहाणूहून निघालेल्या आमच्या फिजिओथेरपिस्ट शुभदाताईंना लावला. पुन्हा लावला. एकदाचा त्यांनी उचलला.

"ताई, लहानूदादा माझ्यावर मूठ मारतायत. डहाणूच्या कुठल्या तरी बाईने शिकवलंय त्यांना."



"अगं, ती बाई मी. मूठ मिटण्या-सोडण्याच्या व्यायामासाठी तूच पाठवलंस ना त्यांना माझ्याकडे? आणि एवढ्या जोरात दार कोण वाजवतंय?"

"तेच."

"कुठल्या हाताने?"

मी फटीतून पाहिलं. "उजव्या."

"मग ते पास झाले. आता तू बाहेर येतेस, का तुला कामावर परत आणायला दुसरं कोणी नेमू?"