एका धावेच्या दोन कुऱ्हाडी

सन एकोणीसशे बाहत्तर. माझं वय तेव्हा बेचाळीस. शिकलो चौथीपर्यंतच, पण पोलिसात जमादार झालो तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही. दुष्काळाचं साल होतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात आलेलं ते कुऱ्हाडीचं पातं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

काष्टीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून पोलीस पाटील खबर घेऊन आला. दोघा चुलतभावांचा बांधावरच्या बाभळीवरून जुना वाद. धाकट्याचं कपाळ फुटलेलं, तो दवाखान्यात. जबाबात म्हणाला, थोरल्यानं कुऱ्हाड मारली. बांधाजवळ बिनदांड्याचं पातं सापडलं. थोरल्याच्या घराची झडती घेतली तर त्याची कुऱ्हाड गायब. गावच्या लोहारानं पातं बघून सांगितलं, "माझ्याच हातचं. ह्यांच्याच घरचं." झालं. कलम तीनशे सात लागलं, थोरला कोठडीत गेला आणि त्याची बायको ठाण्याच्या दारात बसून राहिली.

मला ते पटेना. जखम धारेची नव्हती, बोथट बाजूची होती. मारायलाच आलेला माणूस कुऱ्हाड उलटी धरील कशाला? फौजदारसाहेब म्हणाले, "जमादार, लोहारानं ओळखलंय. आणखी काय पाहिजे?" मी सायकल काढली.

लोहार भात्यापासून उठेना. "सांगितलं न्हाई का एकदा? आता काय नवं सांगू?"

"कुणासाठी घडवलीस, ते सांग."

"ह्यांच्या बापांसाठी. वाटणी झाली तवा बैलगाडीवर दोघंबी अडून बसले. शेवटी गाडीच मोडली. चाकाची लोखंडी धाव हुती, तिच्या दोन कुऱ्हाडी केल्या. एक ह्या घरात, एक त्या घरात."

"दोन? मग आधी का नाही बोललास?"

"साहेबांनी इचारलं, तुझ्या हातची हाय का, ह्यांच्या घरची हाय का. म्या म्हनलं, व्हय. किती केल्या आसं कुनी इचारलं?"

ठाण्यात येऊन थोरल्याच्या बायकोसमोर बसलो. "बाई, तुमची कुऱ्हाड कुठंय?"

ती रडायलाच लागली. "इहिरीत टाकली, दादा. तुमची गाडी वस्तीकडं वळली. म्हनलं, हत्यार दिसलं की धन्याला नेतील."

"आणि नाही दिसलं म्हणून नेला!"

विहीर कोरडी ठाक होती. शिपाई उतरवला. दांड्यासकट कुऱ्हाड वर आली. पंचांसमक्ष दोन्ही पाती शेजारी ठेवली. जुळ्या बहिणी.

दवाखान्यात धाकट्याच्या खाटेवर मी पातं ठेवलं. "तुझी कुऱ्हाड कुठंय?"

"घरी."

"शिपाई पाठवतो, घेऊन येईल."

तो बायकोकडं बघायला लागला. ती तडकली, "माझ्याकडं काय बघता? दांडा चुलीत घालाय तुमीच लावला!"

मग सगळं बाहेर आलं. हा पहाटे एकटाच बाभळ तोडायला गेला होता. एरवी माणूस कुऱ्हाड आधी पाण्यात घालून ठेवतो, लाकूड फुगतं, पातं घट्ट बसतं. "प्यायाला पानी न्हाई, दांड्याला कुठलं घालू?" म्हणाला. वाळलेल्या दांड्यावरून पातं निसटलं आणि खोडावर आपटून उलटं कपाळात बसलं. त्यानं विचार केला, कपाळ फुटलंच आहे तर थोरल्याचं नाव घ्यावं, बाभळ तरी पदरात पडेल.

भ्यालेला माणूस वस्तू लपवतो आणि गुन्हेगारही लपवतो. दोघांची तोंडं सारखीच दिसतात, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि साक्षीदार खरं बोलला म्हणजे सगळं बोलला, असं होत नाही. पुढचा प्रश्न पोलिसानंच विचारायचा असतो.

संध्याकाळी साहेबांनी थोरल्याला सोडायचा हुकूम केला. तो दारातच उभा राहिला. "जमादार, बेड्या घालून भर बाजारातनं आनलंत मला. आता एकटा गेलो तर लोक म्हनतील, पैसे चारून सुटला. मी न्हाई जात." नवराबायको ठाण्याच्या व्हरांड्यातच झोपले.

सकाळी मी इस्त्रीचा युनिफॉर्म चढवला, टोपी घातली आणि त्याच बाजारातून त्याच्या बरोबरीनं वस्तीपर्यंत चालत गेलो. जो भेटला त्याला थांबवून मोठ्यानं सांगितलं, "ह्यानं मारलेलं नाही."