कबड्डीच्या काट्यावर कोंबडी

आमचं स्वतःचं शेत नव्हतं. पावसाळाभर विचुंब्यात लोकांच्या शेतावर राबायचं आणि दिवाळी झाली की आईबाप, भावंडं, भांडी, कोंबडी सगळं ट्रकमध्ये भरून कोन गावच्या वीटभट्टीवर. त्यामुळे माझी शाळाही दिवाळीपर्यंतच चाले.

सातवीत खेळाच्या सरांनी मला कबड्डीच्या संघात घेतलं. मी चपळ होतो आणि मुख्य म्हणजे हलका. स्पर्धेला वजनाची मर्यादा असे. पनवेलची खाऊनपिऊन सुखी पोरं त्यासाठी मुद्दाम उपाशी राहत. आम्हाला तो सराव घरचाच होता.

सर घरी आले. बापाला म्हणाले, "संघात राहिला तर माझ्याकडे ठेवून घेतो. शाळा बुडणार नाही."

बाप म्हणाला, "वजनात बसला तर तुमचा. नाय बसला तर भट्टीचा."

स्पर्धा नेमकी ट्रक निघायच्या दिवशी. पोरगा झुंजायला चाललाय म्हणून आईने पहाटे आमची एकुलती एक कोंबडी कापली. "खा, आंगात जोर पायजे."

मैदानावर धान्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो, आणि मर्यादेच्या वर भरलो.

"गाढवा, काय खाल्लंस?"

"कोंबडी."

"अख्खी?"

"एक तंगडी बहिणीने खाल्ली, सर."

सरांनी अंगावर दोन स्वेटर चढवून मला उन्हात पळायला लावलं. तेवढ्यात बाप मला न्यायला आला. "काय चोरलं यानं?"

सरांनी सगळं सांगितलं. बाप म्हणाला, "पोरगा कदी नाय तो पोटभर जेवला, आन् तुमी ते बी परत काढताय?"

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. मी पळायचं सोडून चालायलाच लागलो. बापाने पायातली चप्पल हातात घेतली. "थांबतोस काय? विटा उचलायच्यात तुला? पळ!" आणि लुंगी सावरत माझ्यामागे धावत सुटला. मग संघातली पोरंही धावली. एरवी मला बाकावर शेजारी बसू न देणारा किराणावाल्याचा मुलगा माझा हात धरून ओढत होता आणि ओरडत होता, "चल रे, कोंबडी!"

मला पुन्हा काट्यावर चढवलं, आणि काटा मर्यादेवर येऊन थांबला. बाप धापा टाकत म्हणाला, "सर, आता माझंबी वजन करा. मीबी बसलो आसंन." आणि तसाच ट्रककडे गेला.

सामना आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पण त्या पोरांनी मला पुन्हा कधी एकटं बसू दिलं नाही. कोंबडी हे नाव मात्र दहावीपर्यंत टिकलं.

त्या वर्षी मी भट्टीवर गेलो नाही, नंतरही नाही. सरांच्या घरी राहून शाळा पुरी केली, मग कॉलेज केलं, आणि बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला.