पारडीच्या कोंडीतला पाणकर

प्रिय रेवा, ईशान आणि मीरा,

तीन वर्षांपूर्वी तिकिटं काढूनही आम्ही तुमच्याकडे टोरांटोला आलो नाही. 'आजोबांची तब्येत बिघडली' एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. परवा रेवाने फोनवर सरळ विचारलं, "आजी, त्या दिवशी नक्की काय झालं?" ती आता सोळा वर्षांची आहे. म्हणून लिहिते आहे... आणि या सदराच्या वाचकांनीही वाचावं म्हणून इथे लिहिते आहे. कुणाला उलगडलं तर कळवा.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी इंग्रजीत एम.ए. केलं, एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. गावात कुणाच्या अंगात आलं, की मी आधी थर्मामीटर काढायची. शिवाय मला डायरीत वेळा टिपायची सवय आहे. पुढच्या सगळ्या वेळा डायरीतल्या आहेत.

मे महिना होता. सडक अर्जुनी तालुक्यातल्या आपल्या गावाहून आम्ही साडेनऊला निघालो. मी, आजोबा, आणि गाडी चालवायला सुकदेव. त्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आपल्या बांधीला लागून आहे. धानाचं काम नसलं की तो गाड्या चालवतो. कोहमाऱ्याला चहा घेतला. साकोली, भंडारा, सगळं सुरळीत. संध्याकाळचं विमान होतं, हाताशी भरपूर वेळ होता. एक वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या तोंडाशी, पारडीला आलो आणि थांबलो.

थांबलो ते थांबलोच. पुढे कुठे तरी ट्रक आडवा झाला होता म्हणे. डावीकडून स्कूटर, उजवीकडून रिक्षा, गल्ल्यांमधून मोटरसायकली... जिथे वीतभर फट दिसेल तिथे प्रत्येक जण चाक घालत होता. तासाभरात आम्ही एका पानठेल्यापासून दुसऱ्या पानठेल्यापर्यंत पोचलो.

आजोबा चिडले होते. "काऊन थांबून राहिला रे सुकदेव?"

"गुरुजी, उडून जाऊ का जी? समोर पाहा ना!"

आजोबांनी मागून हात घालून स्वतःच हॉर्न दाबला. शेजारचा मोटरसायकलवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काकाजी, हॉर्न मत बजाओ. हम क्या शौक से खड़े हैं?"

"और हेल्मेट क्या शौक से हँडल को टांगा है?" आजोबा म्हणाले. तो हसला, मीही हसले.

"वीस वर्षं तलावाचं पाणी वाटलो मी," आजोबा म्हणाले. "असे घुसणारे असते, तर एकाचाही धान झाला नसता."

हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्या लोकांचे पूर्वज तलाव बांधणारे. तलावाचं पाणी शेतांना वाटतो तो पाणकर, आणि पाणकरावर देखरेख आजोबांची, शाळेतली मास्तरकी सांभाळून. त्यांचा नियम एकच होता: सगळ्यात शेवटच्या बांधीला पाणी पहिल्यांदा. ते पाणी वरच्या शेतांजवळून वाहत जातं तेव्हा वरच्यांनी आपापली तोंडं बंद ठेवायची. तोंड म्हणजे धुऱ्यातली, बांधावरची, पाणी आत घ्यायची फट. यावरून आजोबा सख्ख्या भावाशी भांडले होते.

सव्वादोनच्या सुमारास ते गप्प झाले. मला वाटलं, दमले एकदाचे. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी पर्समधून शब्दकोडं काढलं आणि सोडवत बसले. वीस मिनिटं... ही वीस मिनिटं मी अजून स्वतःला माफ केलेली नाहीत.

दोन पस्तीसला मी त्यांना पाण्याची बाटली दिली. ती त्यांच्या उजव्या हातातून सरळ खाली पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला ओळखत होते, पण शब्द फुटत नव्हता.

पक्षाघात. साडेचार तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो, सावरतो, हे मी वाचलेलं होतं. पण जितका उशीर तितका मेंदू जातो. अँब्युलन्सला फोन केला. ती येणार होती त्याच गर्दीतून. सुकदेव खाली उतरून ओरडत राहिला, "पेशंट आहे जी! रस्ता द्या! भाईसाब, पेशंट है!" लोक वाईट नव्हते. सरकायला जागाच नव्हती. मागेही नाही, पुढेही नाही. मी आजोबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घड्याळ बघत राहिले.

दोन पन्नास. गाड्यांमधून एक माणूस चालत आला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर फावडं. पाय पोटरीपर्यंत ओल्या चिखलाने माखलेले. नागपुरात, मे महिन्यात, डांबरावर! त्याने खिडकीतून वाकून पाहिलं, माझ्याकडे नाही, आजोबांकडे.

"मास्तर," तो म्हणाला, "आज तुमची बांधी शेवटची आहे. पयले पाणी तुमाले."

मग तो पुढे चालू लागला. डाव्या गल्लीच्या तोंडाशी थांबला, फावड्याने चिखलाचं एक ढेकूळ टाकलं, टाचेने दाबलं. त्या गल्लीतून घुसणारे स्कूटरवाले जागच्या जागी थांबले. मग उजवी गल्ली. मग दोन ट्रकांमधली फट. तो एकेक तोंड बंद करत गेला, अगदी सावकाश, पाणकर चालतो तसा. हॉर्न बंद पडले. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. आणि मधोमध, एका गाडीपुरती, वाट सुटत गेली.

"बाई..." सुकदेव परत स्टिअरिंगवर बसत म्हणाला, "थो माणूस तुमाले दिसून राहिला ना?"

"दिसतो आहे. गाडी चालव."

आम्ही त्याच्या मागे मागे गेलो. दोन्ही बाजूंना माणसं गाड्यांवर हात ठेवून शांत उभी होती. देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहतात तशी. मला भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कशापुढे तरी मनातून वाकले. चौक ओलांडला तेव्हा तो पुढे नव्हता.

तीन वीसला आजोबा दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सुरुवातीची वेळ विचारली. मी डायरी उघडून दाखवली. त्यांनी मेंदूचं स्कॅन करून ताबडतोब इंजेक्शन दिलं. नंतर म्हणाले, "तुम्ही पारडीवरून कशा आलात? आमची सिस्टर दोन तासांपासून तिथेच अडकली आहे." ती पाच वाजता पोचली. तिला मी विचारलं, मध्ये रस्ता सुटला होता का? "कुठला हो आजी," ती म्हणाली, "एक इंच नाही हलला."

सुकदेवच्या गाडीत काचेला कॅमेरा आहे. ते चित्रण आम्ही दोघांनी तिसऱ्या दिवशी मोबाईलवर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवाले एकेक करून पाय टेकतात, थांबतात. वाट उघडते. पुढे रिकामं डांबर आहे. माणूस नाही, चिखल नाही. सुकदेवने पाहिलं, मोबाईल उलटा ठेवला आणि हात जोडले.

गावातल्या जुन्या माणसांना मी त्या चेहऱ्याचं वर्णन सांगून पाहिलं. असा पाणकर कुणाला आठवत नाही. मी उन्हाचा परिणाम धरून पाहिला, भीतीने दोघांना एकच भास झाला असंही धरून पाहिलं. मग आम्ही चौकापार कसे गेलो, हा प्रश्न उरतोच.

आजोबांचा उजवा हात गेला तो गेलाच. पाय ओढत चालतात. इंग्रजी पार पुसली गेली, हिंदी अर्धी राहिली. लहानपणीची, आपल्या भागातली झाडीबोली मात्र शाबूत आहे, तिच्यातल्या शिव्यांसकट. आज सकाळी त्यांनी मला चहात साखर कमी पडली म्हणून त्यातली एक दिली.