वस्तऱ्यातली खाच

गंजलेल्या लोखंडावर माझ्या मोठ्या साडभाऊंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. भंगारवाले करतात, पण ते वजनावर. साडभाऊंचं प्रेम धारेवर. न्हाव्यांनी ब्लेड बसवायचे वस्तरे घेतले, तेव्हा शिंगाच्या मुठीत मिटणारे जुने वस्तरे अडगळीत गेले. ते हुडकत साडभाऊ गावोगाव फिरतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीच्या बापाला म्हणाले, "घरी बुढ्याचा वस्तरा पडला असन का जी?" सोयरीक मोडली, वस्तरा मात्र मिळाला. आणि स्वतःची दाढी छातीपर्यंत. त्याबद्दल छेडलं तर शांतपणे म्हणतात, "मले धार पाहाले लागते. दाढी कायले लागते?"

त्यांची सगळी नोकरी बोदलकसाच्या तलावावर पाण्याची पातळी बघण्यात गेली. चकाकत्या पाण्याकडे तासन् तास बघायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. फक्त तलावाच्या जागी पातं आलं. कुडव्याच्या घरी ओसरीवर बसून ते गंज राखेनं घासतात, ओल्या दगडावर पातं फिरवतात, चामड्याच्या पट्ट्यावर परजतात, मग नखानं टिचकी मारून कानाशी धरतात. "झोपून राहिला अजून," असं म्हणून पुन्हा दगडावर. या तंद्रीत आतलं दूध उतू जातं, दारातली गाय तुळस खाऊन जाते, आणि यांच्या चेहऱ्यावर तळ्याकाठची दुपार पसरलेली असते. वस्तरा 'उठला' की नाही हे बघायला केस लागतो, आणि तो ते पाहुण्याच्या डोक्यातून बोलता बोलता उपटतात. माझ्या टकलात त्यांचा वाटा मोठा आहे. आमच्या सासुरवाडीची माणसं त्यांच्याकडे जाताना उन्हाळा असो नसो, डोक्याला दुपट्टा बांधूनच जातात.

पण या माणसाच्या धारेला आजवर एकही गाल लाभला नव्हता. जागेपणी झोपणाऱ्यापुढे मान कोण देणार? आणि ज्या वस्तऱ्यासाठी ते झुरत होते, तो होता सालेकशाला, आमच्या सासऱ्यांकडे. मामाजी फार मर्यादेचे. जावयांना त्यांनी उभ्या जन्मात 'अरे' म्हटलं नाही, कायम 'घ्या', 'बसा', 'राहू द्या'. रोज सकाळी पडवीत बसून त्याच वस्तऱ्यानं दाढी करायचे. धारेला एक खाच होती, ती साडभाऊंच्या डोळ्यात कुसळासारखी सलायची. मागितला की मामाजी म्हणायचे, "मी मेलो का न्या, जवाई. तवर हात लावू नोका."

मागच्या हिवाळ्यात मामाजींचे हात थरथरायला लागले. न्हाव्याचं ब्लेड त्यांना चालेना, दाढी वाढली, आणि शेवटी त्यांनी आपण होऊन वस्तरा साडभाऊंच्या हातात दिला. त्या दिवसांत साडभाऊ जेवायलाही उठत नसत असं मेहुणीबाई सांगतात. त्यांनी ती खाच पार घासून काढली. पातं सूतभर अरुंद झालं, पण धार अशी की बघताना आपणच श्वास आवरावा.

मग सालेकशाला पडवीत, माझ्यादेखत, त्यांनी मामाजींची दाढी केली. एकदाही तंद्री लागली नाही. मामाजींनी गालावरून हात फिरवला, डाव्या कानाखाली बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"चिकनं झालं जी. पण इथचे केस काऊन नाही?"

"कोनते केस, मामाजी?"

"बुढी नवी नवरी होती तवा तिनं याच वस्तऱ्यानं बांबूची काडी सोलली. तवाची ते खाच. मंग रोज इथं रेघभर केस रायेत. बुढी बोट लावून म्हणे, येथं राहिलं जी. बुढी गेल्यावर मीच बोट लावून पाहो."

साडभाऊंनी वस्तरा पुसून मिटला. परतताना गाडीत मी म्हणालो, कानशीनं एक खाच पाडून द्या की. खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे बघत ते म्हणाले, "ते खाच बुढीची होती. मी पाडीन तं माही होईन." मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती.

आता ते दर आठवड्याला सालेकशाला जातात. परवा पुन्हा मी सोबत होतो. वस्तरा डाव्या कानाखाली आला, तसा त्यांनी तो किंचित उचलला आणि रेघभर केस सोडून पुढे नेला. चेहरा पुसला. मग त्या रेघेवर हलकेच बोट ठेवून हा दाढीवाला माणूस अगदी हळू म्हणाला, "येथं राहिलं जी."

मामाजींनी डोळे उघडले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले.